तपासणीच्या खोलीतले भाऊंचे घड्याळ

मित्रांनो, साऱ्या विश्वाचा काळ माझ्या काट्यांवर चालतो. सूर्य, चंद्र आणि सरकारी कचेऱ्या माझ्याकडे बघून उठतात. निदान मला तसे वाटत असे. मग एके दिवशी कुणीतरी माझ्या पाठीतला सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातला, आणि विश्व माझ्यावाचून तीन आठवडे अगदी सुरळीत चालले.

मी एक जुने, प्लॅस्टिकचे, भिंतीवरचे घड्याळ आहे. माझ्या तबकडीवर मधोमध भाऊंचा फोटो आहे आणि खाली 'सप्रेम भेट' असे लिहिले आहे. भाऊ हे आमच्या भागातले पुढारी. त्यांनी आमची पन्नास भावंडे एकदम बनवून घेतली आणि शाळा, पतपेढ्या, भजनी मंडळे यांना वाटली. मी मुरबाड तालुक्यातल्या एका दवाखान्यात आलो. दवाखान्याचे नाव विचारू नका. मी अजून तिथेच टांगलेला आहे.

माझे काटे भाऊंच्या नाकातून निघतात. सव्वानऊ वाजता काट्यांच्या आडव्या मिशा होतात आणि भाऊ फार रुबाबदार दिसतात. साडेसहाला त्यांच्याकडे बघवत नाही.

महिन्यातून दोन गुरुवारी माझ्या खोलीत दिपिका मॅडम येत. त्या मानसशास्त्रज्ञ. शहापूर आणि मुरबाड अशी त्यांची सारखी फिरती असे. कुणी डोक्यावर पडलेले असे, कुणाला झटका येऊन गेलेला असे, कुणी आपल्याच घराचा रस्ता विसरलेले असे. मॅडम त्यांना कोरा कागद देत आणि म्हणत, "घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा."

म्हणजे माझेच चित्र! मित्रांनो, एका गुरुवारात दहा-दहा चित्रकार ज्याच्यासमोर बसतात असा दुसरा कोण आहे? पण चित्रे मात्र भयंकर येत. कुणी बाराही आकडे एकाच कुशीत कोंबी. मालूआजी म्हणून एक पेशंट होत्या, त्यांनी तर आकडे सोडून फक्त मिशा काढल्या. मॅडमनी शून्य गुण दिले. जगदीश शिपायाने तो कागद भाऊंना पोचवला. भाऊंनी तो फ्रेम करून घेतला.

त्या मिशांवरून मॅडमच्या ध्यानात आले की लोक माझ्याकडे बघून काढतात. मित्रांनो, बघून काढणे आणि आठवून काढणे यांत फार फरक आहे. बघून काढायला डोळे आणि हात बऱ्यापैकी पुरतात. न बघता काढायचे तर आधी घड्याळ आठवावे लागते, मग आकड्यांची जागा ठरवावी लागते, आणि ते ठरवण्याचे पुष्कळसे काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो. तोच झिजला असेल तर माणूस गप्पा छान मारतो, हसतो, आणि कोऱ्या वर्तुळापुढे अडकतो.

"जगदीश, हे घड्याळ उतरवा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, भाऊंचा फोटो हाय. भाऊ आले नि भिंत मोकली दिसली तं? तुमी कल्यानला जाल. मी कुठं जाऊ?"

मी राहिलो. मॅडमनी पेशंटची खुर्ची माझ्याकडे पाठ करून ठेवली.

आणि एका गुरुवारी शकू आपल्या नवऱ्याला घेऊन आली. नवरा नवसू, मुरबाड ते टोकावडे जीप चालवणारा. पंचवीस वर्षांचा जुना ड्रायव्हर. पोटाची तपासणी आहे असे खोटे सांगून तिने त्याला आणले होते.

"बाय, हा जेवतो नि जेवलोच नाय म्हनतो," ती म्हणाली. "टोकावड्याची पाशिंजर धसईच्या रस्त्याला नेली. दोनदा. तुमी लिवून द्या, याला गाडी देऊ नको म्हनून. माझं कोन आयकत नाय."

"हिला साधी सायकल येते काय, इचार," नवसू हसत म्हणाला. "मेंदूच तपासायचा तं हिचा तपास, गो बाय."

दारातली रांगही हसली. मग मॅडमनी खुर्ची दाखवली आणि नवसू उभाच राहिला.

"भाऊंना पाठ करून बसू? माझ्या गाडीचा परमिट भाऊंनी करून दिला. पाठ नाय दावायचा मी."

त्याने खुर्ची उचलून फिरवली आणि माझ्यासमोर बसला. बाहेर बावीस माणसे ताटकळत होती. मॅडमनी उसासा टाकला आणि होऊ दिले. सगळी चूक म्हणाल तर एवढीच.

मॅडमनी लक्षात ठेवायला तीन शब्द सांगितले: आंबा, विळा, पूल. मग कागद दिला. नवसूने माझ्याकडे पाहिले. मी जरा ताठ झालो. आकडे लिहिता लिहिता त्याला वेळ लागला, आणि तो काट्यांपाशी आला तेव्हा माझ्यात नेमके अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. इतके देखणे चित्र माझे आजवर कुणी काढले नव्हते. तीन शब्दांतला त्याला फक्त आंबा आठवला. पण या छोट्या चाचणीत एखादा शब्द आठवला आणि घड्याळ बरोबर आले की माणूस पास होतो. नवसू पास झाला.

"बघ, गो," तो शकूला म्हणाला. "झाला ना समाधान?"

शकूने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटले ती कौतुकाने बघते आहे.

त्यानंतर ती रोज जीपमध्ये नवऱ्याशेजारी बसू लागली. इथं वळ, इथं थांब, ही म्हातारी उतरायची हाय. पाशिंजर तिला कंडक्टरीण म्हणून चिडवत. हे मला दवाखान्यातल्या गप्पांतून कळले. पुढचेही तिथूनच कळले. एका दुपारी पाशिंजर उतरवून रिकामी गाडी परत येताना तिचा डोळा लागला. नवसूने गाडी जुन्या रस्त्याला वळवली. तो रस्ता पूर्वी होता. आता तिथे ओढा आहे. नवसूचे कोपर खरचटले. शकूचे डोके काचेवर आपटले.

दोन महिन्यांनी दोघे पुन्हा आले. आता पेशंट शकू होती. ती मुकाट्याने माझ्याकडे पाठ करून बसली. तिने वर्तुळ काढले आणि पेन्सिल तशीच धरून राहिली.

"अगो, वरती बारा लिव," मागच्या बाकावरून नवसू म्हणाला. "खाली सहा. सोपा हाय."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिले. मग तो कुठे बघतो आहे ते पाहिले. त्या उठल्या, गळ्यातली ओढणी काढली आणि माझ्या तोंडावर टाकली. मला फक्त आवाज ऐकू येत राहिले.

"काका, आता तुम्ही काढा."

पेन्सिल गोल फिरली. थांबली.

"बाय," नवसू हळूच म्हणाला, "भाऊंना उघडा ना जरा."

कुणी उघडले नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिले. गाडी चालवू नये, असे असावे. शकू कधीची मागत होती तेच. मग त्या शकूजवळ गेल्या आणि अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुमचं बरोबर होतं."

"कशात, बाय?" शकूने विचारले.

मित्रांनो, या कथेतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. घरच्या माणसाचे ऐकावे. पुढाऱ्यांनी फोटो लहान छापावेत. पण मोठ्या सुधारणा माझ्या हयातीत होणार नाहीत. संध्याकाळी जगदीशने ओढणी काढली, भाऊंचा चेहरा पुसला, आणि मी आजही तिथेच आहे. माझे मागणे अगदी थोडे आहे. तपासणी चालू असेल तेव्हा माझ्यावर एक टॉवेल टाकत जा. मोरीतला हात पुसायचा मात्र नको. धुतलेला टाका.