दामिनीताईंचे हात

"उर्वशी, दामिनीच्या हाती लेकरू नको देजो," सासूबाई चुलीपाशी हळूच म्हणाल्या. "कालपासून पाहून राहिली मी. चहाचा गिलास हवेतच सोडून देते पोट्टी."

"आई, सहा महिने अंतराळात राहून आल्या ताई. सवय आहे ती, जाईल." बी.एस्सी. झालेल्या मला सासूची भीती अडाणी वाटली. खरं तर माझी लेक चिमी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी मीच.

दामिनीताई माझ्या नणंद. आमच्या दिघोरीत धानाच्या बांधीत रोवणी करता करता त्यांना प्रश्न पडला होता, धानाच्या मुळाला खाली कुठं हे कसं कळतं? त्या प्रश्नामागे त्या नागपूरला गेल्या, मग बंगळुरूच्या प्रयोगशाळेत, आणि शेवटी जिथं खाली असं काही नाहीच तिथवर. गावातल्या बायकांनी मात्र एकच विचारलं, "वरतं सैपाक कोन करे वं?"

दुपारी अंगणात धान वाळत होतं. चिमीला कडेवर घेऊन ताई सांगत होत्या, "तिथं पेन, चमचा, काहीबी हवेत ठेवायचं. आपली वाट पाहत थांबते. झोपेत माझेच हात समोर तरंगत राहत, कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे."

ऐकता ऐकता मलाही हलकं वाटू लागलं. ऊन, पिवळं अंगण, सगळं कुठंतरी दूर. बट डोळ्यांवर आली म्हणून ताईंनी दोन्ही हात केसांकडे नेले.

क्षणभर मला वाटलं, चिमी थांबेल.

ती धानाच्या ढिगावर पडली. खरचटलंही नाही, नुसती रडली. ताई आपल्या तळव्यांकडे बघत होत्या. "मी सोडलं नाही वं. ठेवलं होतं तिले."

"हात नका लावू माझ्या लेकराला!"

सासूबाईच मला म्हणाल्या, "काहून वं इतकं बोलून राहिली?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ताई बंगळुरूला परत गेल्या. दोन महिने झाले. फोन उचलत नाहीत. कामावरही जात नाहीत म्हणे. मी माफी मागितली, पाच वेळा लिहून. "बरी आहे," एवढंच उत्तर, तेही कुंदनला, त्यांच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला. चिमी लहान, मला निघता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी बंगळुरूत असाल तर पत्ता मी देते. बेल वाजवा. दार उघडलंच, तर विरजण मागा. वाटी त्यांच्याच हातून घ्या, घाई करू नका. आणि जेवलात का, एवढं विचारा.