पडणाऱ्यांची सवलत

मुंबई-कलकत्त्याच्या सायकलींच्या दुकानांत काचेची कपाटं असतील, टाय बांधलेले विक्रेते असतील. असू देत. आमच्या जबलपुरात फव्वाऱ्यासमोर, म्हणजे चौकातल्या कारंज्यासमोर, विठोबाजी राऊतांचं दुकान होतं, आणि तिथं गिऱ्हाइकाला जो मान मिळे तो लाटसाहेबाला स्वतःच्या बंगल्यातही मिळत नसेल.

नियम साधा. दुकानासमोर, भर दिवसा, चारचौघांत जो सायकलवरून पडेल तो दुकानाचा सभासद. विठोबाजी स्वतः धावत जाऊन त्याला उचलत, धूळ झटकत, वाकडं झालेलं हँडल सरळ करून देत आणि वर चहा पाजत. त्या दिवसापासून त्याला खरेदीवर रुपयामागे दोन आणे सूट, आणि हवा जन्मभर फुकट. ‘गिऱ्हाईक पडलं की त्याची इज्जत आपल्या हातात,’ असं ते म्हणत. मी तिसरा सभासद. एका म्हशीला वाट देताना पडलो होतो. हवं तर म्हशीला विचारा.

सवलत आली की लबाडही आले. पनागरचा भाजीवाला नथ्थू एकदा कोबीच्या पोत्यावर अलगद पडला. बाकावर बसणाऱ्या आम्हा सभासदांनी तपास केला. ढोपर कोरं, टोपी जागच्या जागी. आमचे अध्यक्ष बापूसाहेब वकील यांनी निकाल दिला, “हे पडणं नव्हे, निजणं आहे.” नथ्थू तसाच परत.

लढाईचे दिवस होते ते. शहराबाहेर खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला होता आणि तिथल्या क्वार्टरांतल्या पोरांना शिकवायला विनताबाई शहरातून जात, पदर खोचून, विठोबाजींकडची भाड्याची सायकल घेऊन. पण सकाळी कारखान्याची माणसं भाड्याच्या सायकली आधीच उचलून नेत आणि बाईंना उशीर होई. हेडमास्तरांनी बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी बाई ठेवू. दुकानात बायकांची एकच हिरवी सायकल विकायला होती. बाईंनी पैसे साठवले होते, पण सभासदाच्या भावापुरतेच. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी त्या दुकानात आल्या.

“विठोबाजी, मला सभासद करून घ्या.”

“पडा. आत्ता करतो.”

“मला पडता येत नाही.”

“नथ्थूसारखं पडा की!” बाकावरून कोणीतरी ओरडलं.

“खोटं पडायचं असतं तर पहिल्याच दिवशी पडले असते. काहून जी, नीट चालवणं हा गुन्हा आहे का?”

“नियम म्हणजे नियम, बाई,” बापूसाहेब म्हणाले.

“अच्छा? चलो, मग मी फव्वाऱ्याभोवती फिरत राहते. खरी पडले तर सभासद. स्वतःहून उतरले तर पुन्हा तोंड उघडणार नाही.”

आणि बाई भाड्याच्या सायकलवर बसून सुरू झाल्या. ऊन तापलं, टांगे थांबले, बाई फिरतच. रस्त्यावर अशी चाकोरी पडली की पुढं म्युनिसिपालिटीनं तिच्यातच नळ टाकला. मग बाईंनी दोन्ही हात सोडले, पिशवीतून वह्या काढल्या आणि तपासायला घेतल्या. दोन पोरं नापास झाली. पुढच्या फेरीत दया येऊन त्यांना पास केलं.

विठोबाजी दारातून ओरडले, “बाई, पाणी—”

बाई पुढं गेल्या होत्या. पूर्ण फेरी मारून आल्या तेव्हा म्हणाल्या, “—नको!”

“सावलीत तरी—”

अख्खी फेरी.

“—पडल्यावर बसेन!”

हे बघायला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या माना वळल्या आणि तिथंच घात झाला. पोस्टमन बघता बघता खांबावर गेला. कंपाउंडर पोस्टमनवर. दूधवाला दोघांवर. नथ्थू तर असा खरा पडला की टोपी कडुनिंबावर आणि कांदे नर्मदेकडे. सगळी पडणी अस्सल! बापूसाहेबांना एकही नाकारता येईना. विठोबाजी उचलून उचलून थकले. आधी साखर संपली, मग चहा, मग कपबशा.

“अरे देवा! अख्खं जबलपूर सभासद होऊन राहिलं! बाई, थांबा!”

बाई कशाला थांबतात? शेवटी बाईंना गाठायला विठोबाजी नथ्थूची सायकल ओढून तिच्यावर बसले. आता विठोबाजी म्हणजे भरलेलं शरीर, बसले की खाली सीट आहे हे आठवणीनंच ठरवायचं. चार पायडल मारले आणि धाड! मदनमहालच्या टेकडीवर एका टोकावर तोललेली जी प्रचंड शिळा आहे, ती काही हलली नाही, पण विचारात पडली असणार.

चौक हसला. पोस्टमन हसला, नथ्थू हसला, बाकावरचे पोट धरून हसले. पडलेल्याला उचलायचं काम विठोबाजींचं, आणि तेच धुळीत. त्यांना उचलायला उठायचं कोणाला सुचेना.

ब्रेक करकचून लागला. विनताबाई उतरल्या.

“उतरल्या! बाई उतरल्या!” बापूसाहेब ओरडले.

बाईंनी तिकडं पाहिलंही नाही. विठोबाजींना काखेत हात घालून बसतं केलं, पदरानं त्यांच्या कपाळावरची धूळ पुसली. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून नथ्थूच्या सायकलचं हँडल एका झटक्यात सरळ केलं.

“काहून उतरल्या, बाई?” विठोबाजी कण्हत म्हणाले. “हारल्या ना तुम्ही.”

“माहीत आहे. आधी पाय हलवून दाखवा.”

पाय हलला. विठोबाजी रस्त्यातच मांडी घालून बसले आणि चौकाला ऐकू जाईल असं बोलले, “ऐका रे! पडतो तो सभासद. उचलते ती घरची. घरच्या माणसाला सूट नसते, मी माल घेतला तो खरेदीचा भाव असतो. हिरवी सायकल बाईंची!”

“मेहरबानी नको मला,” बाई म्हणाल्या.

“मेहरबानी कशाची? हेच काम मी जन्मभर करून राहिलो. त्याचा भाव मला नाही तर कोणाला कळणार?”

बापूसाहेबांनी चष्मा पुसला. “पण तुम्हीही चारचौघांत पडलात, विठोबाजी. मग तुम्ही?”

“सभासद! माझ्या दुकानात मला रुपयामागे दोन आणे सूट!”

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवी सायकल फव्वाऱ्यावरून खमरियाकडे निघाली. आम्ही सगळे सभासद, लंगडणारे धरून, बाकावरून उठून उभे राहिलो. बाईंनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्यांना शाळेत वेळेवर पोचायचं होतं.