आवाज थांबला की वर

दोरीवाला हेलिकॉप्टरच्या दारात पालथा पडून, अर्धं अंग बाहेर काढून, खालच्या झाडांना शिव्या देत होता. शिव्या मनातल्या मनात. तोंडाने वेगळंच बोलायला लागत होतं.

"पुढे दोन हात. अजून एक. थांबा. स्थिर. दोरी खाली जातेय. स्थिर."

चालवणाऱ्या कप्तानला मशीनच्या पोटाखालचं काही दिसत नाही. समोरचं दिसतं, आणि या जंगलात समोर म्हणजे नुसते शेंडे. खाली काय चाललंय ते दारातल्याने सांगायचं, हेल्मेटमधल्या माइकवर, न थांबता. कप्तान उत्तर देत नाही. मशीन हललं की समजायचं, ऐकलं. आणि एक नियम सगळ्यांना पाठ होता: दारातला आवाज थांबला की वर. आवाज थांबला म्हणजे बोलणाऱ्याला गोळी तरी लागली, नाहीतर दोरी तरी फांदीत अडकली. विचारत बसायचं नाही, उठायचं.

त्या दिवशी उजाडल्यापासून त्यांनी दारूगोळा पोचवला होता, मग पिण्याचं पाणी, मग रेडिओच्या बॅटऱ्या. जंगलात रस्ता नावाची गोष्टच नव्हती, त्यामुळे पलटणीचं सगळं ओझं यांच्या पाठीवर. वजन कमी व्हावं म्हणून दारं काढलेली, सीटा काढलेल्या. दोरीवाल्याला वाटायचं, आता कधीतरी तळावरचे साहेब आपली हाडंही काढून ठेवायला सांगतील. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. आणि आता ही जखमींची फेरी. खाली बुंध्याशी दोन जखमी, आणि त्यांना दोरीला बांधायला उतरवलेली नर्स.

कप्तानशी सकाळीच त्याचं वाजलं होतं. मागे एकदा दोन पोरं खाली उरलेली असताना इंधनाचा लाल दिवा लागला आणि कप्तान निघून आला. परत गेले तेव्हा उचलायला कुणी नव्हतं. दोरीवाल्याने ते पोटात ठेवलं होतं, सकाळी चहावर बाहेर पडलं. म्हणाला, तुमच्यापेक्षा तो दिवा बरा, निदान लाजेने लाल तरी होतो. कप्तानने कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की दिवा लागला की खाली सख्खा भाऊ असला तरी निघायचं, कारण मशीन पडलं तर वरचेही जातात आणि खालचेही. मग दोघं कामापुरतंच बोलले. दोरीवाल्याने तर साहेबांकडे जाऊन दुसरा कप्तान द्या, असंही सांगून ठेवलं होतं.

पहिला जखमी वर आला. धिप्पाड, चिखलाने माखलेला. दोरीवाल्याने त्याला पट्ट्याला धरून आत ओढलं तर तो पूर्ण अंगावरच कोसळला आणि वेदनेने हातपाय झाडायला लागला. हेल्मेटला असा हिसका बसला की मान निखळली असं वाटलं. कसंबसं त्याला मागे सरकवून दोरीवाला परत दारात आडवा झाला.

"डावीकडे एक हात."

मशीन हललं नाही.

"डावीकडे, एक हात."

नाहीच. म्हातारा अजून फुगलाय, त्याच्या मनात आलं. भांडणाची ही वेळ आहे का? त्याचं डोकंच फिरलं. पण बोलणं थांबवून चालणार नव्हतं. त्याने पायानेच दोरी फांदीपासून लांब रेटून धरली आणि बडबडत राहिला.

दुसरा जखमी अर्ध्यावर असताना कप्तानच्या पुढ्यात लाल दिवा लागला. दोरीवाल्याला तो खांद्यावरून दिसला. दुसऱ्याला आत घेतलं. खाली नर्स एकटी. तिने वर बघितलं आणि हाताने खूण केली, जा. इतका वेळ थांबल्यावर दिवा लागणारच, हे तिलाही माहीत होतं.

खरं सांगितलं तर कप्तान निघणार. गप्प बसलं तरी निघणार.

"बाईला बांधून झालंय," दोरीवाला म्हणाला. "वर येतेय. अर्ध्यावर आहे. स्थिर."

दोरी अजून खाली पोचलीसुद्धा नव्हती. तो बोलत राहिला. येतेय, आलीच, फांदी सुटली, स्थिर. आपण इतकं धडधडीत खोटं बोलू शकतो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. बाईने खरंच पट्टा अडकवला, खरंच अर्ध्यावर आली, तरी त्याचं तेच चालू होतं. शेवटी तिचा हात दारात आला.

"आत आली. निघा."

कप्तानने मान वळवली, बाईकडे बघितलं आणि मगच मशीन उचललं. माझ्या शब्दावर विश्वासच नाही, दोरीवाल्याला वाटलं.

तळावर उतरता उतरता इंजिन खोकलं. साहेब उभेच होते. दिवा लागल्यावर तिथे काय करत होतात, असं त्यांनी कप्तानला सगळ्यांसमोर झाडलं.

"दारातून आवाज येत होता, साहेब," कप्तान म्हणाला. "आवाज येत असताना उठायचं नाही."

साहेबांनी दोरीवाल्याकडे बघितलं. बाई अर्ध्यावर होती, तो म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

नंतर तो बादली घेऊन मशीनमधलं रक्त पुसत बसला. दवाखान्याच्या तंबूतून नर्स आली, झोपेने डोळे मिटत चाललेली, आणि तिने त्याच्या ओल्या हातावर काहीतरी ठेवलं. हेल्मेटच्या वायरीचं टोक होतं, पिन लावलेलं.

"तुझंच ना? पहिल्याच्या बकलात गुंतलं होतं. सोडवताना ओरडला बिचारा."

ती गेली. दोरीवाल्याने बाजूला काढून ठेवलेलं हेल्मेट उचललं. वायर तुटून लोंबत होती, तांब्याच्या तारा पिंजारलेल्या. म्हणजे पहिल्या माणसानंतर दारातून चकार शब्द गेला नव्हता. आणि मशीन तिथेच उभं.

फडकं बादलीत तसंच राहिलं.

कप्तान खाटेवर बसून बूट काढत होता. पाय सुजले होते, बूट निघत नव्हता. दोरीवाल्याने खाली बसून टाच धरून ओढला.

"कप्तान, बाई अर्ध्यावर आहे म्हणालो ना, तेव्हा ती खालीच होती."

"माहितीये. खोटं बोलताना आवाज चढतो तुझा. कान किटले माझे."

पिन दोरीवाल्याच्या मुठीत रुतत होती. त्याने ती खिशात टाकली आणि दुसरा बूट ओढायला घेतला.

"तू साहेबांकडे दुसरा कप्तान मागितलास म्हणे," कप्तान म्हणाला.

"असू दे. नको म्हणून सांगतो त्यांना."

सकाळी दोरीवाल्याने नवी वायर लावली, दोनदा ओढून बघितली आणि दारात पालथा पडला.

"येतंय का ऐकू?"

"कालच्यासारखंच," कप्तान म्हणाला आणि मशीन उचललं.