जांभळा मुलामा

"हे आमचे बाबा," असं म्हणून ट्रॉयनं प्लास्टिकचा डबा टेबलावर, बंदुकीसाठी नुकत्याच ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांशेजारी ठेवला.

डेलमर योस्टनं हातातला साचा बाजूला केला. डब्यात राखाडी भुकटी होती आणि मधूनच पांढरे, खरबरीत कण. ट्रॉयच्या बापाला, लेस्टर केफार्टला, जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

"इथे कशाला आणलंस?"

"तुमच्याकडे गोळ्या भाजायचा ओव्हन आहे म्हणून, काका. रंगाच्या पावडरमध्ये थोडे बाबा मिसळायचे, त्यात गोळ्या खुळखुळवायच्या आणि भाजायच्या. हरणांची शिकार सुरू व्हायच्या आधी क्लबच्या मैदानावर सगळ्यांनी मिळून झाडायच्या. भारी होईल. रंगपण आणलाय मी. जांभळा."

"जांभळा का?"

"स्वस्त मिळाला."

टायरच्या दुकानात उभी हयात गेलेला माणूस डेलमर; ग्रीस, घाण, कुजका चिखल यांचं त्याला काही वाटत नसे. हे मात्र घशाशी आलं.

"राख वितळत नाही, ट्रॉय. पावडर वितळून गोळीला चिकटते. राख नाही चिकटत. अर्धीअधिक खाली सांडेल."

"सांडली तर सांडली. अजून आहे ना भरपूर."

"नाही. माझ्याकडे हे व्हायचं नाही," डेलमर म्हणाला. "डबा उचल."

ट्रॉय डबा काखेत मारून निघून गेला. टेबलावर डबा ठेवला होता ती जागा डेलमरनं दोनदा पुसली.

चाकांना तोलासाठी लावतात ती शिशाची वजनं जुनी झाली की डेलमर दुकानातून घरी आणायचा. शनिवारी तो आणि लेस्टर ती वितळवून गोळ्या ओतायचे. गोळीच्या खाचांत मधमाश्यांचं मेण आणि बकऱ्याची चरबी बोटांनी दाबून भरायची, म्हणजे बंदुकीच्या नळीत शिसं चिकटत नाही. पण त्याचा धूर व्हायचा, हात तुपकट राहायचे, कपड्यांना वास मारायचा. शेवटी डेलमरच्या बायकोनं त्याची उशी बाहेरच्या खोलीत टाकली, तेव्हा तो पावडरकडे वळला. प्लास्टिकची रंगीत भुकटी, डब्यात हलवायची, भाजायची. वर कडक, कोरडा मुलामा चढतो. हात स्वच्छ, नळी स्वच्छ.

लेस्टरनं त्याला हे कधी माफ केलं नाही. "गोळीला लिपस्टिक लावतोस होय रे? हरणाची पप्पी घ्यायचीय का?" असं चारचौघांत विचारायचा. स्वतः मरेपर्यंत चरबीच लावत राहिला.

रविवारी दुपारी आर्लीनचा फोन आला. लेस्टरची बायको कधी आवाज चढवून बोलत नसे. आताही चढवला नव्हता.

"डेल, जरा येतोस? लेस्टर माझ्या ओव्हनमध्ये आहे."

तो पोचला तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी असूनही स्वयंपाकघराच्या साऱ्या खिडक्या उघड्या होत्या. तरी जळक्या प्लास्टिकचा वास भिंतींना धरून बसला होता. ओव्हनचं दार उघडं. आतल्या ट्रेमध्ये जांभळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या, अंगावर पुरळ उठल्यासारख्या. खाली ओव्हनच्या तळाला जांभळट राखाडी चुरा पडला होता.

"मी चर्चला गेले होते," आर्लीन म्हणाली. "आले तर हे. ट्रॉय बिअर आणायला गेलाय."

डेलमरनं वाकून बघितलं आणि लगेच मान वळवली.

"काल ह्याच ट्रेमध्ये मी बटाटे केले होते," ती म्हणाली. "मला सांग, हे खाली पडलंय ते पुसायचं कशानं? ओल्या फडक्यानं? आणि मग फडकं कुठे टाकायचं?"

"या ओव्हनमध्ये आता काही करू नकोस. शिसं आहे."

"शिशाचं कोण विचारतंय, डेल?"

त्यानं गाडीतून रंगाचा कोरा ब्रश आणि कॉफीचा रिकामा डबा आणला. गुडघे टेकून डोकं ओव्हनमध्ये घातलं आणि ब्रशनं तो चुरा गोळा करू लागला. भुकटी नाकात जाईल म्हणून त्यानं श्वास रोखला, आणि आपण कोणाला नाकात जाऊ देत नाही आहोत ते त्याच्या ध्यानात आलं. तळाला चिकटलेलं निघेना. नखानं खरवडावं लागलं.

"ट्रॉय मला म्हणाला होता, राख टेकडीवरच्या मेपलखाली पुरू या," आर्लीन मागून म्हणाली. "तुझ्याकडे आला होता का तो?"

"आला होता. नाही म्हणालो मी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

डेलमर ओव्हनमधून बाहेर आला.

"थांबव त्याला," तो म्हणाला.

"एकुलता एक आहे. बाप गेल्यापासून आज पहिल्यांदा शीळ घालत होता." तिनं कॉफीच्या डब्याला झाकण लावलं आणि डबा फडताळात सर्वांत वर ठेवला. "मी काय बोलू?"

पुढच्या शनिवारी क्लबच्या मैदानावर बरीच मंडळी जमली. सॉसेज भाजली जात होती. गोळ्या अडवायच्या मातीच्या उंच बांधापुढे नेमासाठी भोपळे मांडले होते, मधोमध एक जुनं वॉशिंग मशीन. ट्रॉयनं चार शब्द बोलून सर्वांना त्या जांभळ्या गोळ्यांची काडतुसं वाटली. डेलमरनं खांदा दुखतो म्हणून घेतली नाहीत. आर्लीन गाडीतच बसून राहिली.

मुलामा ओबडधोबड होता. कुणाच्या तरी बंदुकीत गोळी अडकली.

"लेस्टर अजून हेकटच आहे की," एकजण म्हणाला, आणि सगळे हसले.

"ढकल त्याला, ढकल."

भोपळा फुटला की कुणीतरी "गेला लेस्टर" म्हणायचं. मोहरीचा सॉस लागलेल्या बोटांनी लोक पुढचं काडतूस भरत होते. डेलमर हसणाऱ्या तोंडांकडे, दातांत अडकलेल्या पावाकडे बघत राहिला. यातल्या निम्म्या लोकांबरोबर त्याचं आयुष्य गेलं होतं.

बांधाची देखभाल व्हर्जिलकडे असायची. तो बिअर घेऊन शेजारी आला.

"आठवड्याभरात बांध चाळून काढतो, डेल. शिसं रग्गड साठलंय. फक्त हा रंग वैताग देतो बघ. वितळवताना धूर धूर, आणि वर ही मळी."

"काढून टाकायची," डेलमर सवयीनं म्हणाला.

"टाकतोच. जुना चमचा, आणि कचऱ्याचा डबा."

डेलमरनं ते काम शेकडो वेळा केलं होतं. वितळत्या शिशावर, जे वितळत नाही त्या सगळ्याची काळी, फेसाळ साय येते, ती चमच्यानं ओढायची, काठावर झटकायची. तो गाडीच्या मागे गेला, चाकाला धरून वाकला आणि पोटात होतं ते सगळं ओकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर कोणी नव्हतं. गवतावर दहिवर गोठलेलं. फुटलेल्या भोपळ्यांचा लगदा आंबायला लागला होता, त्याच्या बिया बुटांना चिकटत होत्या. डेलमर फावड्यानं बांध उकरून माती चाळणीत टाकत होता. गोठलेली माती ढेकळांनी निघायची, ती हातानं फोडावी लागे. जांभळ्या रंगाची त्याला किळस होती, पण मातीत तोच तेवढा चटकन दिसत होता. एकेक गोळी उचलून तो बादलीत टाकत होता.

गाडीचं दार वाजलं. आर्लीन लेस्टरचे बूट घालून भोपळ्यांतून वाट काढत आली.

"व्हर्जिलनं तुझी गाडी बघितली. मला फोन केला," ती म्हणाली. "सगळ्या सापडतील?"

"सगळ्या नाही सापडायच्या."

तिनं बादलीतून एक उचलली. आदळून चपटी झालेली, कडा फाकलेल्या, जांभळा रंग एका बाजूला तेवढा उरलेला. तिनं ती उजेडात धरली.

"ह्यात तो आहे का नुसताच रंग आहे, कळतं का?"

"नाही."

"मग सगळ्याच घ्यायच्या," ती म्हणाली.

तिनं हातमोजे काढून खिशात कोंबले.

"असू देत हातात. शिसं आहे," डेलमर म्हणाला.

त्याच्या समोर येऊन तिनं चाळणीची दुसरी बाजू धरली आणि त्यानं माती घालायची वाट बघत उभी राहिली.