अर्धी देविका

शेवटी देविकाच्या चेहऱ्यावर एकही खळी उरली नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, असं समजा. चला, चेहरा अजून व्हायचाय.

नोएडातल्या एका कंपनीत शार्दूल कॉम्प्युटरसाठी माणसांचे चेहरे करायचा. या वेळी एका ॲपला हसतमुख मदतनीस बाई हवी होती. "कोणीही चालेल," साहेब म्हणाले. शार्दूलला कोणीही चालत नव्हतं. त्याने देविका करायला घेतली. दीड वर्ष त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून ती दिवाळीआधी रॉटरडॅमला निघून गेली होती.

या धंद्यात चेहरा अर्धाच करतात. उरलेला अर्धा प्रोग्राम आरशासारखा उलटून जोडतो, मग ज्या रेघांच्या जाळीतून चेहरा बनतो, ती सगळी जाळी बारीक करत करत गुळगुळीत करतो. शार्दूलने अर्धी देविका जीव ओतून केली, बटण दाबलं, आणि ती दोन्ही गालांनी हसली.

मागून कृतिका डोकावली. "अरे, ही तर आपली देविका! पण दोन खळ्या? प्रमोशन मिळालं काय तिला?"

"एकच होती ना?"

"बिल्कुल एकच."

"कुठल्या गालाला?"

"शेजारी तू बसायचास की मी, यार?"

शार्दूलने डावी खळी बुजवली. पडद्यावर देविकाची मावसबहीण आली. उजवी बुजवली, तर दुसरी मावसबहीण. फोटो दोनच होते. एक सेल्फी, तो उलटा की सुलटा देव जाणे. दुसऱ्यात ती शिंकत होती.

"फोन कर ना तिला," कृतिका म्हणाली.

फोनची सोय उरली नव्हती. जाण्याआधीच्या खरेदीला दोघं करोल बागेत गेले होते. परतताना मेट्रोच्या जिन्यावर ती म्हणाली, "शार्दूल, माझ्याशी बोलताना एकदा तरी स्क्रीनवरून मान वर केलीस? आता फोन नको करूस."

"सेव्ह करतो आणि मान वर करतो," तो मोबाइलमध्ये बघतच म्हणाला होता.

ती हसली नव्हती. हसली असती तर निदान गाल तरी कळला असता.

संध्याकाळी साहेबांनी निकाल दिला. ग्राहकाला गाल सपाट हवेत. शार्दूलने जाळी आणखी एकदा गुळगुळीत केली. बाई छान झाली. कोणाचीच कोणी नव्हती.

मग त्याने ऑफिसच्या सामान मागवायच्या पोर्टलवर टाइप केलं:

"विषय: पडताळणीसाठी मूळ प्रत मिळणेबाबत. खळीची बाजू निश्चित होत नसल्याने सदर खळी तिच्या मालकिणीसह, हसऱ्या स्थितीत, शेजारच्या खुर्चीवर उपलब्ध करून द्यावी. परतीच्या तारखेचा रकाना कोरा ठेवावा, ही विनंती."