झाकणावरची चिठ्ठी ईश्वरीबाईची

सुज्ञ मित्रांनो, आज मी माझे सत्य जीवनवृत्त आपणांपुढे निवेदन करणार आहे. ते ऐकताना कृपा करून नाक मुरडू नये.

मी एक जुना थुंकीचा डबा आहे. सन १९५० साली चांद्याच्या एका कारागिराने मला मातीतेलाच्या, म्हणजे रॉकेलच्या, पिंपाच्या पत्र्यातून घडविले व घट्ट झाकण दिले. वरोऱ्याजवळच्या छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित राहत. तेथील दवाखान्यात मी नोकरीस लागलो. क्षयाची शंका असलेल्या माणसाचा सकाळचा बेडका माझ्यातून तपासणीस जाई. डॉक्टर मला फार कामाचा म्हणत. तेव्हा मला अभिमान वाटे.

एके दिवशी माझ्या झाकणावर छावणीतल्या ईश्वरीबाईच्या नावाची चिठ्ठी चिकटली. ती तीन महिन्यांपासून खोकत होती. परंतु रोग निघाल्यास रोग्याला दूरच्या इस्पितळात धाडीत, आणि निरोगी मुलांस तेथे सक्त मज्जाव असे. तिच्या अंगावर पिणारी लेक होती. मुलूख सुटला, आता लेकही सुटेल, असे म्हणून ती जळाऊ लाकडे विकणाऱ्या बुधरीपाशी रडली.

बुधरी म्हणाली, "माही थुंकी घेऊन जाय ना बाई. जंगलात तं आमी फुकटच थुकतो."

आणि ती माझ्यात थुंकली. बुधरी तंबाखू खाई, म्हणून थुंकीत तंबाखूचे कण होते. ईश्वरीबाई तंबाखूला शिवत नसे, हे कंपाउंडर गुणवंतरावांस पक्के ठाऊक होते. कण पाहून ते केवळ हसले, म्हणाले, "बाई शिकली वाटते इथली तंबाखूची चाल." तपासणीत काही निघाले नाही. कागदावर 'निर्दोष' असे लिहिले गेले. मी सर्व जाणत होतो, परंतु पत्र्यास जीभ नाही. त्या हसण्यावरचा माझा संताप आजही शमलेला नाही.

पुढे दोन महिने तिला खोकल्याचे लाल औषधच मिळाले. नवरा तक्रारीस आला की त्यास तोच कागद दाखवीत. अखेर तिच्या तोंडावाटे रक्त पडले, तेव्हा बुधरी स्वतः डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"डाक्टरसाहेब, ते थुंकी माही होती. मले वाटलं, बाईचं भलं होऊन राह्यलं."

मग खरी तपासणी झाली. लेकीचीही झाली. क्षय दोघींसही निघाला. इस्पितळाने लेकीस अडविले नाही. तीही आता रोगी होती.

मित्रांनो, थुंकी मागण्यापूर्वी आईस एवढे विचारावे की, लेकरू कोठे राहील? आणि झाकण उघडल्यावर डोळेही उघडावेत.

डब्याच्या वतीने लिहिणार, सुकलू रामाजी गुरनुले. वाचकांनी नाक न मुरडता येथवर वाचले, याबद्दल मनःपूर्वक आभारी आहे.