यकृताचं वय सांगणारं घड्याळ

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे एका कोचावर एक वकील आडवे झाले होते, शर्ट वर, पोट उघडं. त्यांच्या उजव्या बरगडीवर साखळीला लटकवलेलं एक जाडजूड घड्याळ टिकटिकत होतं. ते धरून उभे असलेले गृहस्थ म्हणजे घड्याळबाबा. अंगात सुती कोट, पायात मोजे, आवाज मधाळ. भस्म नाही, जटा नाहीत. सुशिक्षितांना सुशिक्षित बाबा लागतो.

"यकृत खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले. "मेंदू बोलतो, हृदय तर कायमच बोलतं. यकृत मात्र आपलं वय सरळ सांगतं, फक्त विचारता आलं पाहिजे."

त्यांनी जाड अंगठी घातलेला मोकळा हात घड्याळावर आशीर्वादासारखा धरला. सेकंदकाटा पुढे सरकता सरकता अठ्ठावन्नवर थबकला. हॉलमधून एक लांब सुस्कारा निघाला.

"तुमचं वय?"

"एकेचाळीस," वकील कसंबसं म्हणाले. कोर्टात साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस स्वतः घामाघूम झाला होता.

बाबा पैसे घेत नसत. ते फक्त 'यौवनजल' देत. त्याची बाटली बाहेरच्या टेबलावर विकत मिळे आणि ती सहा महिने न चुकता घ्यावी लागे. मधे सोडली तर यकृत चिडतं म्हणे.

मी तिथे दाजींबरोबर गेलो होतो. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, पूल बांधणारे इंजिनियर. पुलाच्या खांबाला किती भार सोसेल हे त्यांना तोंडपाठ. पण ताईचं यकृत निकामी झालं आणि त्यांच्या डोक्यातला खांबच खचला.

ताई शाळेत भूगोल शिकवायची. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोटात पाणी साचत होतं, बोलता बोलता शब्द हरवायचे. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत तिचा नंबर वर आला होता. एकदा दुपारी हॉस्पिटलातून फोनही आला होता: यकृत मिळतंय, दात्या बाईंचं वय एकाहत्तर, लवकर कळवा.

दाजींनी आधी बाबांना फोन केला.

"उसनं आयुष्य," बाबा म्हणाले. "एकाहत्तरचं यकृत म्हणजे मावळतीचं यकृत. त्या देहाची जेवढी वर्षं उरली होती, तेवढीच तुमच्या पत्नीला मिळणार. त्यापेक्षा आपण त्यांचंच यकृत विशीत नेऊ."

दाजींनी हॉस्पिटलला नको कळवलं. ताईला सांगितलं, "म्हातारं होतं गं, नीट नव्हतं."

मला हे कळलं ते ताईच्या डॉक्टरीण बाईंकडून. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बसवलं आणि चढ्या नव्हे, थकलेल्या आवाजात विचारलं, "नकार का दिलात?"

"एकाहत्तर वर्षं, मॅडम," दाजी म्हणाले. "जुना माल कोण बसवतं?"

"वयाला महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "दाता तरुण असला तर निकाल सरासरीनं थोडे बरे येतात. पण एकट्या वयावर आम्ही ठरवत नाही. यकृतात चरबी किती आहे, ते बर्फात किती वेळ राहिलं, घेणाऱ्याची तब्येत कशी आहे, हे सगळं बघतो. एखाद्या तिशीतल्या माणसाचं चरबीनं भरलेलं यकृत आम्ही परत पाठवतो आणि सत्तरीतलं स्वच्छ यकृत घेतो. ते जे आलं होतं ना, ते उत्तम होतं. दुसऱ्या कुणाला तरी बसवलं."

"पण तरुण मिळेपर्यंत थांबलो तर?"

"थांबायला माझी हरकत नाही. ताईंच्या यकृताची आहे."

दाजींनी मान हलवून फाईल उचलली. पण जिना उतरताना म्हणाले, "डॉक्टर लोकांना ऑपरेशन करायचंच असतं रे." संध्याकाळी यौवनजलाची नवी बाटली घरी आली.

त्याच आठवड्यात ताईच्या शाळेतले ड्रिल मास्तर तिला भेटायला आले. पन्नाशी उलटलेला, पण शिडशिडीत, ताठ माणूस. गळ्यात नेहमीची पोलादी शिट्टी. त्यांनी टेबलावरची बाटली उचलून वाचली, झाकण उघडून हुंगली आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

"शाळेत कुणाला सांगितलं नाही," ते म्हणाले. "पालकांना वाटलं असतं, आजारी मास्तर पोरांना काय पळवणार. आता मात्र सांगायला हवं. त्या घड्याळवाल्याकडे मला घेऊन चला. तुमच्या दाजींनाही."

पुढच्या बैठकीला मास्तर कोचावर आडवे झाले. बाबांनी त्यांच्या सपाट पोटाकडे, पिळदार दंडांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आजारी माणसं रोजची होती, आज जाहिरात चालून आली होती. हात घड्याळावर आला. काटा सव्वीसवर थांबला.

"बघा," बाबा गर्दीकडे वळले. "पन्नाशीच्या देहात सव्वीस वर्षांचं यकृत. संयम, सात्त्विक विचार. याला म्हणतात जन्मजात यकृत. कापाकापी नाही, उसनवारी नाही."

मास्तरांनी शर्ट आणखी वर सरकवला. बरगड्यांखालून आडवा गेलेला लांब, पांढुरका वण सगळ्यांना दिसला.

"बारा वर्षांपूर्वी बसवलंय," मास्तर म्हणाले. "ज्या आजोबांचं होतं, ते गेले तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. हिशेबानं आता ते शहाऐंशीचं झालं."

दाजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला.

बाबा क्षणभरच अडखळले. "तेच तर सांगतोय. तुमच्या श्रद्धेनं ते तरुण झालं."

आणि खरं सांगतो, निम्म्या हॉलनं माना डोलावल्या. वकिलांनी तर डोळे मिटले.

"माझी श्रद्धा रोजच्या गोळ्यांवर आहे," असं म्हणत मास्तर उठून बसले. "एकदा पुन्हा करा. फक्त ती अंगठी काढून."

"अंगठी गुरूंची आहे. निघत नाही."

"बघू तरी," म्हणून मास्तर पुढे वाकले. गळ्यातली शिट्टी पुढे झुलली आणि टक् आवाज करून बाबांच्या अंगठीला चिकटली. बाबांनी हात मागे ओढला. शिट्टी सुटेना, तिची दोरी मास्तरांच्या गळ्यात, त्यामुळे मास्तरही बाबांच्या मागोमाग ओढले गेले. दोघं वासरू-गाय असल्यासारखे कोचाभोवती अर्धी फेरी फिरले. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू आवरलं नाही कुणालाच.

या गडबडीत घड्याळ खाली पडलं. ते दाजींनी उचललं. नखानं मागचं झाकण उघडलं. आत बटणाएवढा सेल होता.

दाजींनी तो सेल बोटानं चाचपला. मग वर्गात सांगावं तसं सावकाश बोलले, "सेलच्या घड्याळात काटा छोट्या मोटरवर फिरतो. जोरकस चुंबक जवळ आणलं की मोटर अडते, दूर नेलं की पुन्हा चालते. अंगठीत चुंबक आहे. हवा तो आकडा आला की हात खाली आणायचा, बस." त्यांनी झाकण परत बसवलं. "हे मला शाळेत शिकवलं होतं."

बाबा मागच्या दारानं गेले. मोजे घातलेलेच होते, चपला राहिल्या. बाटल्यांमध्ये साखर आणि खाण्याचा हिरवा रंग निघाला.

त्या रात्री दाजींनी ताईला सगळं सांगितलं, आलेला फोन आणि दिलेला नकारसुद्धा. ती चिडली नाही. अडखळत एवढंच म्हणाली, "यकृत मला बसणार होतं. विचारायचंत मला."

पुढचा फोन आला तेव्हा तो ताईच्या कानाला लावला. दाता अडुसष्ट वर्षांचा. तिनं स्वतः दोनच प्रश्न विचारले: चरबी किती, आणि डॉक्टरीण बाईंचं मत काय. मग हो म्हणाली. ऑपरेशन लांबलं, नंतर एकदा ताप चढला, आम्ही सगळे घाबरलो, तोही उतरला. आता ती पुन्हा नद्यांची नावं शिकवते. उद्या काही होणार नाही, असं कुणी लिहून दिलेलं नाही. तसं ते तुम्हा-आम्हालाही नाही.

वकील, इंजिनियर, प्राध्यापक, सगळे त्या हॉलमध्ये होते. त्यांच्यात शिक्षणाची कमतरता नव्हती. भीतीपुढे त्यांनी ते बाहेर चपलांशेजारी ठेवलं होतं. माणूस घाबरतो, त्यात लाज नाही. पण घाबरल्यावर जो आकडा सांगतो, त्याला विचारा: कसा मोजलात? पुन्हा मोजून दाखवाल? माझ्यासमोर, माझ्या अटींवर? ज्याच्याकडे खरं उत्तर आहे, तो या प्रश्नांनी रागावत नाही. डॉक्टरीण बाई रागावल्या नव्हत्या.